मतदान कार्डावर अन्नपूर्णा: विदर्भातल्या खेड्यातून पोखराला जायचं तर

"गुरुजी, पहाड कुठी हायेत? मले त निस्ते ढगच दिसून राह्यले."

नेपाळातल्या पोखराजवळच्या सारंगकोटच्या टेकडीवर, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आमच्या गावच्या एका मावशींनी मला हे विचारलं. सकाळचे साडेसहा वाजत आले होते. खाली दरीत धुकं, त्याच्यापलीकडे काळसर डोंगरांची रांग, आणि त्या रांगेच्याही बऱ्याच वर आभाळात काहीतरी पांढुरकं टेकलेलं. मावशी चिखलदऱ्याच्या हिशेबानं बघत होत्या, म्हणजे डोंगर जिथे असायला हवा तिथे. मी म्हटलं, "मावशी, मान वर करा. आणखी वर. ते ढग नाहीत, तोच पहाड आहे." तेवढ्यात त्या पांढऱ्याच्या टोकाला केशरी रंग चढला. मावशींनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि पुढचा अर्धा तास कोणाशी बोलल्या नाहीत.

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावातून मी आतापर्यंत चार वेळा बारा-पंधरा जणांना घेऊन नेपाळात पोखराला गेलो आहे. येणारे सगळे शेतकरी, शेतमजूर आणि त्यांच्या घरच्या बाया, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. पासपोर्ट एकाकडेही नव्हता, आणि तो लागतही नाही. जगातल्या सगळ्यात उंच डोंगरांपैकी काही डोंगर, अन्नपूर्णा त्यातलाच एक, आपल्या दारापासून एक रेल्वे, एक बस आणि एक घाट एवढ्याच अंतरावर आहेत. तरीही "फॉरेन म्हणजे आपल्यासारख्याचं काम नाही" म्हणून माणसं आयुष्यभर जात नाहीत याचं मला वाईट वाटतं. म्हणून ही सगळी रीत, सुरुवातीपासून, लिहून ठेवतो आहे.

आधी तारीख धरा, मग बाकी सगळं

हिमालय बघायला जाऊन ढग बघून परत आलेली माणसं मला खूप भेटली आहेत. यातल्या बहुतेकांची तारीखच चुकलेली असते.

जून ते सप्टेंबर जायचंच नाही. पोखराच्या बाजूचं लुमले हे गाव नेपाळातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्याकडे हजार मिलिमीटर झाला तर वर्ष बरं गेलं म्हणतो, यावरून अंदाज करा. घाटात दरडी कोसळतात ते वेगळंच. मार्च ते मे, म्हणजे आपल्याकडे हाताला काम कमी आणि शाळांना सुट्या असतात तेव्हा, सगळ्यांना निघावंसं वाटतं. पण त्या दिवसांत तिकडे जंगलात वणवे लागतात, हवेत धूळ आणि धूर भरून राहतो. डोंगर जागेवरच असतो, पण दिसत नाही. उन्हाळ्यात जाऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

सगळ्यात स्वच्छ हवा असते ती मधल्या ऑक्टोबरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. पाऊस ओसरलेला असतो, त्यानं हवेतली धूळ धुऊन नेलेली असते आणि वारा कोरडा असतो. पण नेमके हेच आपले मरणाचे कामाचे दिवस. सोयाबीन काढायचं, हरभरा पेरायचा, कापूस फुटून पांढरा झालेला. शिवाय तिकडेही दसरा-दिवाळीला दशैं आणि तिहारच्या गर्दीनं बस भरभरून जातात.

यातून आम्ही काढलेली वाट अशी: २५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर. सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा, होऊन पहिला वेचा घरात आलेला असतो, हरभरा उगवून पहिलं पाणी खाऊन उभा असतो, तूर अजून शेंगांवर असते. घरी एक कर्तं माणूस ठेवलं तर दहा दिवस निघतात. तिकडे सकाळी चांगली थंडी असते, पण आभाळ बहुधा स्वच्छ मिळतं. वरुड-मोर्शीकडच्या आंबिया बहाराच्या संत्रेवाल्यांना हे दिवस तोडणीचे पडतात. त्यांनी फेब्रुवारीच्या सुरुवातीला जावं. झाडीपट्टीतल्या धानवाल्यांना मात्र डिसेंबरचा पहिला पंधरवडा अगदी सोयीचा, मळणी उरकलेली असते.

पंधरा डिसेंबरची मर्यादा मी मुद्दाम घालतो. त्यानंतर जानेवारीअखेरपर्यंत गोरखपूर, लुंबिनी या सगळ्या सखल पट्ट्यात दाट धुकं उतरतं आणि रेल्वे तासन् तास रखडतात. म्हाताऱ्या माणसांना घेऊन फलाटावर रात्र काढणं काही बरं नाही.

कार्ड: हे काम तीन महिने आधी

भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० साली मैत्रीचा करार झाला, आणि दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे व्हिसाशिवाय जाता येतं. ओळखीसाठी दोनपैकी एक कागद लागतो: पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदान कार्ड. बैठकीत हे सांगितलं की कोणीतरी म्हणतंच, "आधार आहे न माह्यापाशी." आधार इथे चालत नाही. चालतं ते फक्त १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्या माणसांना. १५ ते १८ वयाच्या पोरापोरींना शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं ओळखपत्र लागतं.

खरी अडचण कार्ड असण्या-नसण्याची नसते, कार्डावर काय छापलंय याची असते. पहिल्या खेपेला आमच्यातल्या एका काकाजींच्या कार्डावर आडनावच दुसरं होतं, आणि एका सुनेचं कार्ड माहेरच्या नावाचं, माहेरच्या गावच्या पत्त्याचं. काही कार्डांवरचा फोटो इतका पुसट की माणूस की बाई ते कळू नये. तेव्हापासून मी नियम केला आहे: नाव नोंदवायला येणाऱ्यानं मूळ कार्ड हातात घेऊनच यायचं. मी ते आधारशेजारी ठेवून अक्षर अक्षर वाचतो. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, फोटो. फरक असेल तर नमुना ८ भरायचा. गावच्या बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, भरता येतो, नाहीतर मोबाइलवर निवडणूक आयोगाच्या ॲपमधून. पत्ता बदलणं, दुरुस्ती, फाटलेल्या कार्डाच्या बदल्यात नवं कार्ड, सगळ्याला हाच नमुना. कार्ड पोस्टानं घरी यायला वेळ लागतो, म्हणून ऑगस्टमध्येच, पोळ्याच्या आधी, हे काम उरकून घ्या.

प्रत्येकाच्या कार्डाच्या तीन झेरॉक्स काढा. एक ज्याच्या त्याच्या पिशवीत, एक गटप्रमुखाकडे, एक घरी. मूळ कार्ड बायांनी गळ्यातल्या बटव्यात ठेवावं, हॉटेलच्या खोलीत नाही.

आणखी एक. निघण्याआधी आठवडाभर तिकडच्या बातम्या पाहत राहा. नेपाळात किंवा सीमेलगतच्या आपल्या जिल्ह्यांत निवडणूक असली की मतदानाच्या आसपास दोन-तीन दिवस सीमा बंद ठेवतात.

पैसा

आमच्याकडे बायांनी यासाठी वेगळी भिशी चालवली आहे. दरमहा हजार, वर्षभर. त्यात रेल्वेची शयनयान डब्याची तिकिटं, तिकडची गाडी, साधी हॉटेलं आणि जेवण बसवतो. सगळ्यात मोठा खर्च गाडीचा असतो, म्हणून गट बारा-चौदाचा धरावा. सहा-सात जणांत तीच गाडी दुप्पट महाग पडते.

नेपाळचा रुपया आपल्या रुपयाशी बांधलेला आहे: आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. हा भाव १९९३ पासून तोच आहे, त्यामुळे कोणी "आज भाव पडला" म्हणालं तर ऐकू नका. आपले पैसे तिकडे सर्रास चालतात, पण नोटा शंभराच्याच न्या. पाचशेच्या नोटेला बरेच दुकानदार हात लावत नाहीत. बँकेतून शंभराच्या कोऱ्या गड्ड्या आधीच मागून ठेवा. काही ठिकाणी क्यूआरवर मोबाइलनं पैसे जातात, पण त्याच्या भरवशावर निघू नका.

आणि एक शब्द पाठ करा. तिकडे आपल्या पैशाला 'आयसी' आणि त्यांच्या पैशाला 'एनसी' म्हणतात. कोणताही भाव ठरवताना पहिला प्रश्न हाच: आयसी की एनसी? एका जेवणात आम्ही हे विचारायचं विसरलो आणि एनसीचा भाव आयसीमध्ये मोजून बसलो. चौदा ताटांचा दीडपटीहून जास्त पैसा गेला.

नागपूर ते सीमा

गावावरून एसटीनं नागपूर. तिथून गोरखपूरला थेट गाड्या आहेत. राप्तीसागर एक्सप्रेस केरळहून येते आणि बल्लारशाह, नागपूर, इटारसी, भोपाळ, झाशी, कानपूर, लखनौ करत गोरखपूरला पोचते. म्हणजे चंद्रपूरकडच्यांना बल्लारशाहहूनच बसता येतं. साधारण एक पूर्ण दिवस-रात्र गाडीत जाते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळीच काढा. वयानं ६० वरचे पुरुष आणि ४५ वरच्या बाया यांना जागा असेल तर खालचा बर्थ मिळतो, फक्त वय बरोबर भरा. एकाच तिकिटावर तरण्याताठ्यांची आणि म्हाताऱ्यांची नावं मिसळली की हा फायदा हातून जाऊ शकतो. म्हणून वयस्कांची तिकिटं दोन-दोनाच्या जोडीनं वेगळी काढावीत.

गाडीतली शिदोरी: पहिल्या दिवसाला दशम्या, जवसाची चटणी, लसणाची चटणी, कांदा. पुढच्या दिवसांना भाजलेल्या पोह्यांचा चिवडा आणि शेंगदाण्याचे लाडू. जवसाची चटणी जरा जास्तच घ्या. तिकडच्या डाळभाताला तिखट नसतं आणि चौथ्या दिवशी आपली माणसं चटणीचा डबा शोधू लागतात.

गोरखपूरचा फलाट १३६६ मीटर लांब आहे. अनेक वर्षं तो जगातला सगळ्यात लांब फलाट होता, २०२३ मध्ये हुबळीनं तो मान घेतला. सांगायचं कारण असं की डबा टोकाला असेल तर गुडघे दुखणाऱ्या माणसाला दारापर्यंत येणंच एक यात्रा होते. घाई करू नका, एकत्र चला. वेळ असेल तर गोरखनाथ मठ बघून घ्या, नवनाथांची पोथी वाचणाऱ्या घरांना ते ठिकाण वेगळं सांगावं लागत नाही. संध्याकाळनंतर पोचलात तर रात्र गोरखपूरलाच काढा. अंधारात सीमा ओलांडायची नाही.

स्टेशनच्या बाहेरूनच सोनौलीच्या बस मिळतात. अंतर शंभर किलोमीटरच्या आत, वेळ तीनेक तास. सोनौलीत उतरलं की पायीच पलीकडे जायचं. एक कमान, गर्दी, मालमोटारींची रांग, आणि आपण दुसऱ्या देशात. विचारलं तर कार्ड दाखवायचं, पिशवी उघडा म्हटलं तर उघडायची. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा, नेपाळची वेळ आपल्यापेक्षा तेवढीच पुढे आहे. आपलं सिम तिकडे बंद पडतं. गटात एकानं रोमिंग घ्यावं किंवा कार्ड आणि फोटो देऊन तिकडचं सिम घ्यावं. सगळ्यांना त्याच एका फोनवरून घरी बोलता येतं.

पलीकडच्या भागाला बेलहिया म्हणतात, आणि चार किलोमीटरवर भैरहवा हे शहर. गाडी इथेच ठरवा. बारा-चौदा जणांना हायस नावाची गाडी पुरते. आपल्याकडूनच जीप घेऊन जायचा मोह टाळा. त्याला भन्सार, म्हणजे जकात, दिवसाच्या हिशेबानं भरावी लागते, परवाना लागतो, आणि आपल्या ड्रायव्हरला तिकडच्या घाटांची सवय नसते. गाडी ठरवताना कागदावर लिहून घ्या: किती दिवस, कुठून कुठे, डिझेल आणि ड्रायव्हरचं जेवण कोणाकडे, आयसी की एनसी. आणि मुद्दाम लिहा: पहाटे साडेचारला गाडी तयार पाहिजे.

लुंबिनी: पहिला मुक्काम

सीमेवरच्या कलकलाटात झोपण्यापेक्षा पंचवीसेक किलोमीटरवर लुंबिनीला जा. आमच्या गटात निम्मी घरं बौद्ध आहेत. दरवर्षी दीक्षाभूमीला जाणाऱ्या माणसाला बुद्धाच्या जन्मस्थळी उभं राहायला मिळतं, ही काय गोष्ट आहे ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. मायादेवी मंदिराशेजारी सम्राट अशोकानं उभारलेला दगडी स्तंभ आहे. १८९६ मध्ये त्याच्यावरचा लेख वाचला गेला आणि जन्मस्थळाची जागा पक्की झाली. स्तंभ कुंपणाआड आहे, पण ब्राह्मी अक्षरं उघड्या डोळ्यांनी दिसतात. सकाळी लवकर जा, तेव्हा बोधिवृक्षाखाली बसायला शांत जागा मिळते. आवार फार मोठं आहे, वेगवेगळ्या देशांचे विहार लांब लांब पसरलेले. म्हाताऱ्यांना ई-रिक्षा करून द्या.

घाट

लुंबिनी ते पोखरा साधारण दोनशे किलोमीटर. पण यात नागपूर-अमरावतीचा हिशेब लावू नका, पूर्ण दिवस जातो. भैरहवा, बुटवल, मग सिद्धार्थ राजमार्गानं पाल्पा-तानसेन, वालिङ, स्याङ्जा आणि पोखरा. बुटवल सोडलं की सपाट जमीन संपते आणि वळणं सुरू होतात, ती पोखरा येईपर्यंत. आपण काळ्या मातीच्या सपाटीवर वाढलेली माणसं, उलटी जवळपास सगळ्यांनाच होते. निघण्याच्या अर्धा-एक तास आधी डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्या, पोटात फक्त बिस्किट-चहा ठेवा, ज्यांना जास्त त्रास होतो त्यांना पुढच्या सीटवर बसवा. आणि हा रस्ता दिवसाच करायचा. सकाळी सातला निघालं तर तानसेनला जेवण आणि उजेड असताना पोखरा.

तीन सकाळी मोकळ्या ठेवा

आता ज्यासाठी एवढं केलं ते.

पहिल्या खेपेला मी एका सहलवाल्याकडे सगळं सोपवलं होतं. त्यानं दोन दिवसांत नऊ ठिकाणं लावली. दोन्ही सकाळी आम्ही हॉटेलात नाश्त्याची वाट बघत बसलो आणि दहा वाजता बाहेर पडलो. तोवर उत्तरेकडे नुसता कापसाचा ढीग. डोंगर एकालाही दिसला नाही. परतताना एक भाऊ म्हणाले, "गुरुजी, पहाड हाय म्हन्तात, मंग असन." ते वाक्य मला फार लागलं.

कारण साधं आहे. रात्री हवा थंड होऊन दरीत बसते, वर आभाळ मोकळं राहतं. ऊन चढलं की डोंगराचे उतार तापतात, हवा उतारावरून वर चढते, तिच्यातली वाफ उंचावर जाऊन ढग होते. हे ढग बरोबर शिखरांनाच चिकटतात. म्हणून पहाटेपासून आठ-नऊपर्यंतचा वेळ आपला. त्यातही एखादी सकाळ वाया जाऊ शकते. पोखरात तीन रात्री राहिलात तर एक तरी सकाळ हाती लागते. ठिकाणं कमी करा, सकाळी वाढवा. चार वाजता उठून ओलिताला जाणाऱ्या माणसांना यात अवघड काहीच नाही. शहरातल्या प्रवाशांपेक्षा आपण इथे सरस ठरतो.

मुक्काम कुठे करायचा? फेवा तलावाच्या काठाला, बैदाम भागात, हॉटेलं भरपूर आहेत. पण वयस्क माणसं असतील तर दोन रात्री वर सारंगकोटलाच काढा आणि एक तलावाकाठी. सारंगकोट सुमारे सोळाशे मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईएवढंच. एवढ्या उंचीवर श्वासाचा त्रास होत नाही, काळजी नको. वर राहिलं की पहाटे गाडी नको, चढण नको, खोलीतून गच्चीत आलं की झालं. खोली घेताना गच्चीत स्वतः जाऊन उभं राहा आणि उत्तर दिशा मोकळी आहे ना, तारा-झाडं आडवी येत नाहीत ना, ते बघा. खोलीतला टीव्ही-गिझर नंतर.

पहाटे पाचला उठा. स्वेटर, कानटोपी, मफलर, पायात मोजे, आणि अंगावर घ्यायला घरूनच आणलेली एक चादर. डिसेंबरात आपल्या नागपूरच्या कडाक्याच्या थंडीसारखीच थंडी असते, फक्त वर वारा असतो. साडेपाचला जागेवर. तोंड उत्तरेला, म्हणजे सूर्य उजव्या हाताला उगवेल.

आता मावशींना झाली ती अडचण तुम्हाला होऊ नये म्हणून एक युक्ती. हात सरळ पुढे ताणा, मूठ वळा, मुठीची खालची बाजू डोळ्यांच्या पातळीत धरा. मुठीच्या वरच्या कडेला जिथे नजर जाते तिथे माछापुच्छ्रेचं टोक असतं. इतकं वर. ते शिखर सारंगकोटपासून सरळ रेषेत तीस किलोमीटरच्याही आत आहे आणि त्याची उंची ६९९३ मीटर. आपल्या मेळघाटातलं सगळ्यात उंच ठिकाण वैराट, ११७८ मीटर. असे जवळपास सहा वैराट एकावर एक ठेवा.

तिथल्या भाषेचाही एक फरक ध्यानात असू द्या. नेपाळात 'पहाड' म्हणजे हिरवे, झाडीचे डोंगर, आणि बर्फाच्या डोंगराला 'हिमाल' म्हणतात. कोणाला "पहाड किधर है" विचारलं तर तो समोरची हिरवी टेकडी दाखवून मोकळा होईल. हिमाल विचारा.

उजाडू लागलं की आधी सगळी रांग राखेच्या रंगाची दिसते, चपटी, कागदातून कापल्यासारखी. मग टोकांवर गुलाबी ठिपके पडतात. ते हळूहळू खाली ओघळतात, गुलाबीचा केशरी होतो, केशरीचा पिवळा, आणि जसा उजेड खाली येतो तशा बर्फातल्या घळी, कडे, सावल्या उठून दिसू लागतात. चपटा कागद बघता बघता डोंगर होतो. हे सगळं वीस-पंचवीस मिनिटांत घडतं. या वेळात नजर हलवू नका. चहा नंतर मिळतो.

मग नावं ओळखा. डावीकडे अगदी लांब धवलगिरी, ८१६७ मीटर. मग अन्नपूर्णा दक्षिण, हिउंचुली, मधोमध माछापुच्छ्रे, त्याच्या उजवीकडे अन्नपूर्णा तीन, चार आणि दोन, शेवटी लमजुंग हिमाल. सगळ्यात उंच अन्नपूर्णा एक, ८०९१ मीटर, मात्र मागे असल्यानं लहान वाटते. मोठं दिसतं ते जवळ आहे म्हणून. ३ जून १९५० रोजी मोरिस एर्झोग आणि लुई लाशनाल हे दोन फ्रेंच गिर्यारोहक अन्नपूर्णा एकवर पोचले. आठ हजार मीटरवरच्या कुठल्याही शिखरावर माणसाचं ते पहिलं पाऊल. माछापुच्छ्रे म्हणजे माशाची शेपटी, पण इथून ती शेपटी दिसत नाही, एकच टोकदार सुळका दिसतो. दोन टोकं बघायची तर पश्चिमेच्या बाजूला जावं लागतं. हे शिखर तिथले लोक पवित्र मानतात आणि त्यावर चढायला बंदी आहे. १९५७ मध्ये एक ब्रिटिश तुकडी गेली, ती माथ्याच्या पन्नासेक मीटर खालूनच परतली.

सूर्य वर आला की दहा मिनिटांत गच्च्या रिकाम्या होतात. तुम्ही उठू नका. साडेसात-आठला उन्हात डोंगराचा बारीक तपशील दिसतो, तो पहाटे दिसत नाही. आणि पहाटे ढग असले तरी लगेच खोलीत जाऊ नका. एकदा आम्हाला सव्वासातला, सगळे निराश होऊन चिवडा खात बसलेले असताना, ढगाच्या फटीतून फक्त माछापुच्छ्रेचं टोक दिसलं. चार मिनिटं.

मोबाइलच्या फोटोबद्दल एवढंच: झूम करू नका, चित्र फाटतं. आपल्या माणसाला पुढे उभं करून मागे डोंगर घ्या, उजवीकडून ऊन तोंडावर येतं.

तिसरी सकाळ तलावावर. फेवाच्या पाण्यात माछापुच्छ्रेचं प्रतिबिंब पडतं, पण पाणी आरशासारखं असेल तरच. वारा सुटायच्या आधी, सातच्या सुमाराला नाव घ्या. तिथे नावेला डुंगा म्हणतात. अंगात लाइफ जाकीट घातल्याशिवाय कोणी बसायचं नाही, पोहता येत असलं तरी. नावाड्याला दक्षिणेच्या झाडीच्या काठाकडे न्यायला सांगा, तिथून उत्तरेचे डोंगर पाण्यासकट दिसतात. मधल्या बेटावर ताल बाराहीचं मंदिर आहे, तिथे परतताना थांबा.

दुपारी

गुप्तेश्वर महादेवाची गुहा, समोरचा पाताळे छांगो धबधबा, टेकडीवरचा शांतिस्तूप, पर्वत संग्रहालय. यातलं दोन पुरे. गुहेत पायऱ्या ओल्या असतात, गुडघेवाल्यांनी वरच थांबावं. उरलेली दुपार झोपा. पहाटे उठलेली माणसं दुपारी फिरवली की संध्याकाळी भांडणं होतात.

मुक्तिनाथचा हट्ट

प्रत्येक गटात कोणीतरी म्हणतं, एवढं आलो तर मुक्तिनाथ करू. घरच्या देव्हाऱ्यातला शाळिग्राम तिकडच्याच काली गंडकीतून आलेला असतो, त्यामुळे ओढ मी समजू शकतो. शाळिग्राम म्हणजे मूळचे समुद्रातल्या शिंपल्याच्या जातीच्या जिवांचे दगड झालेले अवशेष. जिथे आज हिमालय आहे तिथे कधीकाळी समुद्र होता, त्याची ती खूण. पण मुक्तिनाथ ३७०० मीटरच्या वर आहे, हवा विरळ आहे, रस्ता कठीण आहे. दम्याचा, हृदयाचा त्रास असलेल्यांना आणि बीपी ताब्यात नसलेल्यांना मी नेत नाही, कितीही रुसले तरी. बाकीच्यांनी जायचंच असेल तर दोन दिवस जास्त धरा, वाटेत जोमसोमच्या आसपास एक रात्र थांबा, आणि डोकं दुखून मळमळू लागलं तर दर्शन सोडून त्याच क्षणी खाली उतरा. पहिल्याच खेपेला हे जोडू नका.

बीपी, शुगरच्या गोळ्या मोजून पाच दिवसांच्या जास्त घ्या, चिठ्ठीसकट. आपल्याकडच्या सरकारी दवाखाना योजनांची कार्डं नेपाळात चालत नाहीत, म्हणून गटाच्या नावानं थोडी रक्कम बाजूला असू द्या आणि तिला कोणीही खरेदीसाठी हात लावू नये.

परत येताना

पोखरा सोडण्याचा दिवस आणि गोरखपूरच्या गाडीचा दिवस यांत एक पूर्ण रात्र मोकळी ठेवा. घाटात दरड आली, सीमेवर रांग लागली, तर ती रात्र कामी येते. काहीच झालं नाही तर गोरखपूरला झोप मिळते. बेलहियात कमानीच्या आधीच उरलेले एनसी आयसी करून घ्या, कारण नागपुरात ते कोणी घेत नाही. घड्याळ १५ मिनिटं मागे करा. कमान ओलांडल्यावर लगेच सगळ्यांची मूळ कार्डं मोजा, चौदा म्हणजे चौदा. तिसऱ्या खेपेला एक कार्ड तानसेनच्या जेवणाच्या टेबलावर राहिलं होतं. ते आठ दिवसांनी, ओळखीच्या ड्रायव्हरच्या हातून, सीमेपर्यंत आलं, आणि तिथून टपालानं गावात.